यादीतून कापलेलं नाव

मी तोंडाची फटकळ आहे, हे आधीच सांगून टाकते. माहेरी, सासरी, कंपनीत, सगळीकडं हीच कीर्ती. आमच्या गल्लीतल्या भाजीवाल्याला विचारा, तोही हात जोडून सांगेल. त्यामुळं मी एकदा मुकाट्यानं परक्या घरी जाऊन सुट्टीच्या दिवशी फुकट भांडी घासून आले, असं म्हटलं तर ओळखीचं कुणी विश्वास ठेवायचं नाही. पण गेले होते. आणि वर खुशीत घरी आले होते.

शेंद्र्याला एका कंपनीत मी साफसफाईला आहे. कंपनीची नाही हं, ठेकेदाराची. बाहेरच्या माणसाला हा फरक कळत नाही, आतल्याला दिवसातून दहादा कळतो. कपडे कंपनीच्या रंगाचे, पण खिशावरचं नाव ठेकेदाराचं. बस कंपनीची, पण कायमवाले बसल्यावर जागा उरली तर आम्ही बसायचं. मी मुकुंदवाडीला राहते. भल्या सकाळी चिकलठाण्याच्या नाक्यावर उभं राहायचं, बस पकडायची, गेटवर अंगठा लावायचा आणि झाडू हातात घ्यायचा. इतकी वर्षं झाली, त्यात बदल नाही.

आमच्या कंपनीत गाड्यांना लागणाऱ्या वायरींचे जुडगे बनतात. ज्या हॉलमध्ये ते काम चालतं त्याला सगळे लाईन म्हणतात. लांबलचक टेबलं, दोन्ही अंगांना स्टुलं, डोक्यावर स्वच्छ उजेड, आणि निळ्या टोप्या घातलेल्या पोरी ओळीनं बसलेल्या. वायरीचं टोक क्लिपात सरकवायचं, नीट बसलं की टक् असा बारीक आवाज येतो. शंभर पोरींचं टक् टक् चालू असायचं आणि मी त्यांच्या पायाखालचे वायरीचे तुकडे गोळा करायचे. पाय उचल गं बाई, जरा सरक गं बाई, असं म्हणत.

मला ती लाईन पाहिजे होती. पगार जास्त होता, ते आहेच, मी काही संत नाही. पण खरं कारण सांगू का? मला बसून काम करायचं होतं. माझ्या आईनं कधी बसून काम केलं नाही. आजीनं केलं नाही. त्यांच्या आधीच्या कुणीच केलं नसेल. वाकून केलं, नाहीतर उकिडवं बसून केलं. स्टुलावर पाठ ताठ ठेवून, डोक्यावर उजेड घेऊन, आपल्या हातातल्या वस्तूकडं बघत काम करायचं, एवढीच माझी हौस. दहावी पास होते. नियमाला तेवढं पुरायचं.

जेवणाच्या सुट्टीत मी लाईनवरच्या एका पोरीच्या मागं लागले. तिनं टाकाऊ मालावर शिकवलं. माझी बोटं चालायला लागली. आमच्या सुपरवायझरनं एकदा पाहिलं आणि म्हणाला, "ताई, तुमचा हात तर पोरींपेक्षा साफ हाय की." तो शेंद्र्याच्याच बाजूचा, शेतकऱ्याचा पोरगा, तिशीतला, तसा चांगला. पुढच्या ट्रेनिंगच्या यादीत त्यानं माझं नाव घातलं. झाडूवाल्या बायांतलं पहिलं नाव. ती यादी त्याच्या केबिनबाहेरच्या फळ्यावर लावलेली होती. मी रोज तिथं पोछा जरा जास्तच वेळ मारायचे.

घरी एकदाच सांगितलं, "माझं नाव लाईनच्या यादीत लागलं." बाकी सगळं मी ओरडून सांगते, पण याबद्दल पुन्हा बोलले नाही. दृष्ट लागेल असं वाटायचं. बौद्धांच्या घरात दृष्ट-बिष्ट मानत नाहीत, मीही मानत नाही. तरी वाटायचं.

त्याच सुमारास सुपरवायझर आमच्या कपडे बदलायच्या खोलीच्या दाराशी आला. म्हणाला, "रविवारी मोठ्या साहेबांकडं वास्तुशांत हाय. सहा बाया पाहिजेत. जरा हात लावायला. घरचंच समजा." घरचंच समजा, हा त्याचा ठरलेला शब्द. आधीही दुसऱ्या बायांना असं नेलं होतं, माझी पाळी पहिल्यांदा आली. मी काही विचारलं नाही. यादी डोळ्यांपुढं होती ना! मीच पुढं होऊन बाकीच्या पाच जणींना गोळा केलं.

सकाळपासून दिवस मावळेपर्यंत आम्ही त्या बंगल्याच्या मागच्या अंगणात होतो. पुऱ्या लाटल्या, भांडी घासली, अंगण धुतलं, पाहुण्यांच्या पोरांनी सांडलेलं पुसलं. पुढच्या दारानं जायचं नाही, हे कुणी सांगितलं नाही, पण आम्ही गेलो नाही. निघताना बाईसाहेबांनी प्रत्येकीला उरलेल्या जेवणाची पिशवी दिली. मसालेभात, पुऱ्या, गुलाबजाम. अहो, मला किती आनंद झाला! असं जेवण आमच्याकडं रोज कुठं असतं?

आई वारल्यापासून माझे वडील माझ्याकडं राहतात. त्यांना आम्ही दादा म्हणतो. सत्तरी कधीच ओलांडली, पण कणा ताठ. त्यांना गोड फार आवडतं. मी घरात पाय टाकताच त्यांचं ताट केलं. नवरा रिक्षावरून यायचा होता, पोरं खेळत होती. पहिला मान दादांचा. दोन गुलाबजाम वाढले. दादांनी पुरीचा घास मोडला, खाल्ला, म्हणाले, "लई मऊ हाय. कुठलं गं?"

"साहेबांच्या घरचं. उरलं होतं, बांधून दिलं."

"तू जेवायला गेलती?"

"जेवायला कशाला? कामाला. सकाळधरनं तिथंच होते."

"मग मजुरी?"

"मजुरी कसली दादा? हे दिलं ना एवढं."

दादांनी हातातला घास ताटात ठेवला. उठले, मोरीत जाऊन हात धुतला, तोंडात चूळ भरली आणि ओसरीत जाऊन बसले. भरल्या ताटावरून उठलेलं माणूस मी आमच्या घरात कधी पाहिलं नव्हतं. माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

"काय झालं? नासलंय का ते? दिवसभर मान मोडून आणलंय, आणि तुम्ही तोंड फिरवता?"

ते रस्त्याकडं बघत बसले. मी मात्र सुटलेच. नको ते बोलून गेले. मी म्हणाले, "तुम्ही जन्मभर शहागंजाच्या बाजारात हमाली केली, लोकांची पोती पाठीवर वाहिली, तेव्हा कुठं गेला होता हा ताठा?"

म्हणायला नको होतं. म्हटलं मात्र.

दादा एवढंच म्हणाले, "भाव ठरल्याबिगर पोत्याला हात नाय लावला कधी. इचार शहागंजात कुणालाबी." आणि झोपायला गेले. ते जेवण पोरांनी खाल्लं. मी उपाशीच निजले.

दुसऱ्या दिवशी कंपनीतून आले, तर दादा चहा करून वाट बघत होते. वडलांनी लेकीला चहा करून द्यावा, असा प्रकार आमच्यात सहसा नसतो. मी समजले, आता काहीतरी येणार. मला वाटलं उपदेश करतील. पण त्यांनी मला आज्याची गोष्ट सांगितली. माझा आजा मी पाहिलेला नाही. आमचं मूळ गाव कन्नड तालुक्यात, घाटाच्या वरच्या अंगाला.

"तुझा आजा बेगारीला जायचा," दादा म्हणाले. "निजामाचं राज व्हतं. हुकूम आला का निघायचं. अंमलदाराच्या घोड्याम्होरं पळायचं, त्याच्या घोड्याला वैरण टाकायची, सरपण फोडायचं. गावात कुणी मेलं का सोयऱ्याच्या गावाला सांगावा घेऊन जायचं. घरी लेकरू तापानं फणफणलं असू दे, नायतर बायको बाळंत व्हऊ दे. नाय म्हणायची सोयच नव्हती. आन् घाटाखाली इंग्रजाचा मुलूख. तिथं आगगाडी. गोरा साहेब शिकारीला वर यायचा, त्याचं सामान आपल्या माणसाच्या डोक्यावर. एका खेपेला तुझ्या आज्याच्या वाट्याला साहेबाचं न्हायचं टब आलं."

"टब?" मला हसू फुटलं.

"हास, हास. तोबी हासायचा. पत्र्याचं, आख्खा माणूस झोपंल एवढं. ते डोक्यावर पालथं घालून घाट चढला. म्हणायचा, लई बेस झालं, साऱ्या जन्मात तेवढाच डोक्यावर पत्रा आला, ऊन नाय लागलं."

मी पोट धरून हसत होते. दादाही हसत होते. मग मी सहज विचारलं, "आणि मजुरी काय मिळाली त्याची?"

"मजुरी कसली? साहेबाचं जेवण झाल्यावर उरलेलं दिलं."

माझं हसू तिथंच थांबलं. दादांनी माझ्याकडं पाहिलं नाही. चहाची कपबशी खाली ठेवली आणि पुढं सांगत राहिले.

गावात येसकराचं काम आमच्या माणसांकडं पाळीनं असायचं. येसकर म्हणजे गावाचा चोवीस तासांचा गडी. हातात घुंगराची काठी, आणि मोबदला म्हणून संध्याकाळी घरोघर फिरून मागायची भाकर. दादा लहान असताना माझ्या आजीबरोबर टोपलं घेऊन जायचे. दाराबाहेर उभं राहून ओरडायचं, येसकराला भाकर वाढा माय. कुणी ताजी वाढायचं, कुणी कालची, कुणी वरून टाकायचं. सगळ्या घरांची भाकर-भाजी टोपल्यात एक व्हायची. "त्या काल्याचा वास मला अजूनबी येतो," दादा म्हणाले. "काल तुझ्या पिशवीत भात, पुरी, गुलाबजाम, समदं एकातएक झालं व्हतं. तोच वास आला. तुझा कायबी दोष नाय. मलाच तो घास गिळंना."

मी मोठ्या मानानं आणलेलं ताट, आणि ते मी कुणापुढं वाढलं होतं! दुसऱ्या कुणाच्या वडलांनी ते मिटक्या मारत खाल्लं असतं. ही चूक आमच्यासारख्या घरातच व्हायची.

मग त्यांनी दीक्षेच्या वर्षाचं सांगितलं. नागपूरला गेलेली माणसं परत आली आणि आमच्या वस्तीत बैठक बसली. मेलेलं जनावर ओढायचं नाही, सांगावा न्यायचा नाही, भाकर मागायची नाही. दुसऱ्या दिवशी माझ्या आज्यानं घुंगराची काठी धुतली, पुसली आणि चावडीवर नेऊन ठेवली. गावाला म्हणाला, "ही तुमची काठी. मौतीचा निरोप आता टपालानं धाडा." त्यानंतर गावानं वस्तीचं पाणी तोडलं, शेतातलं काम तोडलं, पिठाची गिरणी बंद केली. बाया दळण डोक्यावर घेऊन कन्नडच्या बाजाराला जायच्या. दादा त्यांच्यासोबत चालत जायचे. कित्येक दिवस रानातला पाला शिजवून खाल्ला. पण काठी परत आणायला कुणी गेलं नाही. हे सांगताना दादांची मान अशी वर होती, की मलाच कौतुक वाटलं. त्यांना मी शहागंजातले हमाल म्हणून हिणवलं होतं, त्याची लाजही वाटली. मी तसं म्हणाले. ते म्हणाले, "तू कधी माफी मागितल्याचं ऐकलं नव्हतं. आज ऐकलं. लई झालं."

शेवटी मीच विचारलं, "मग आता मी काय करू? पुन्हा बोलावतील की."

"ते तुझं तू बघ," दादा म्हणाले. "आमच्या टायमाला गमवायला काय व्हतं आमच्याकडं? तुझ्याकडं हाय."

गमवायला माझ्याकडं ती यादी होती. दादांना ते किती माहीत होतं, तेव्हा मला कळलं नाही.

तीन-चार महिन्यांनी पुन्हा तेच. साहेबांच्या मुलाचा साखरपुडा. सुपरवायझर दाराशी आला, "सहा बाया. त्याच चालतील. घरचंच समजा."

मी विचारलं, "काम आहे ना भाऊ? मग फॉर्म भरा. ओव्हरटाईमचा."

तो हसला. "घरगुती कामाला कुठला फॉर्म ताई?"

"मग घरगुती माणसं बोलवा."

एकीचा हात केसांत होता तो तिथंच राहिला. सुपरवायझरचा चेहरा उतरला. त्यानं आवाज खाली आणला, "ताई, ट्रेनिंगची यादी सोमवारी वर जाणार. तुमचं नाव हाय त्यात. डोक्यानं वागा." तो गेल्यावर बाकीच्या माझ्यावर तुटून पडल्या. तुला लाईन मिळणार, तू काहीही बोलशील, आमच्या पोटावर कशाला पाय देते? त्यांचंही बरोबर होतं. मी म्हणाले, "मी कुणाला येऊ नका म्हणत नाही. माझं मी बोलले."

शनिवारी दिवसभर मी लाईनच्या काचेतून आत बघत होते. मोकळी पडलेली दोन स्टुलं दिसत होती. त्यातलं एक माझं. मनात म्हणाले, एक दिवस तर आहे. एक दिवस भांडी घासली तर काय आकाश कोसळतंय? आज्यानं टब वाहिलं, तू चार ताटं वाहा. लाईनवर बसलीस की मग कुणाच्या बापाला भिऊ नको.

खोटं कशाला सांगू? रविवारी सकाळी मी निघाले. बरी साडी नेसले, डबा घेतला नाही, कारण तिथं जेवण मिळणार होतं. दादा ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नाही. मी त्यांच्या समोरून गेले, जणू दोघं एकमेकांना दिसतच नव्हतो.

नाक्यावर कंपनीची जीप उभी होती. मागं दोन बाया आधीच बसल्या होत्या, बाकी तिघी आल्याच नव्हत्या. सुपरवायझर पुढं होता, मांडीवर फुलांच्या हारांची टोपली, पायाशी गॅसची टाकी. मला बघून त्याचा जीव भांड्यात पडला. "या ताई, या! मला ठाव होतं तुम्ही येणार."

मी विचारलं, "तुम्हाला आज सुट्टी नाही का भाऊ?"

"सुट्टी कसली? पहाटंपासून पळतोय. फुलं आणली, गॅस भरून आणला, आता साहेबांच्या सासूला स्टेशनवरनं आणायचंय."

"त्याचा फॉर्म भरलाय का?"

त्यानं मांडीवरची टोपली सावरली. आणि मला एकदम सगळं दिसलं. या पोराच्या वडलांची जमीन शेंद्र्याच्या कारखान्यांखाली गेलेली, हे तो स्वतःच चहा पिताना सांगायचा. आमची विहीर कुठं होती, आंब्याचं झाड कुठं होतं, कंपनीच्या पार्किंगमध्ये उभं राहून बोट दाखवायचा. त्याच्या घरच्यांनी कुणाकुणाच्या घरच्यांना कधीकाळी बेगारीला लावलं असेल, देव जाणे. आणि आज तो सुट्टीच्या दिवशी मांडीवर हार घेऊन बसला होता. मला त्याचा राग यायला पाहिजे होता. पण कीव आली, आणि तीच माझ्या तोंडून निघाली.

"भाऊ, तुमच्या वडलांच्या जमिनीवर ही कंपनी उभी आहे, आणि तुम्ही साहेबांचा गॅस भरून आणता. तुम्हालाही बेगारीलाच धरलंय की हो."

जीपमधल्या दोघींनी पदर तोंडाला लावला. सुपरवायझर रागावला नाही. तो टोपलीतल्या हारांकडं बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "ताई, मला उद्या साहेबांना तोंड दाखवायचंय."

"मला आज घरी दाखवायचंय," मी म्हणाले.

आणि बसले नाही. जीप निघाली. माझी लाईन त्या जीपमध्ये बसून गेली, हे मला तिथं उभ्या उभ्या स्पष्ट कळलं. पण सांगते, नाक्यावरून घरापर्यंत चालत आले, तेव्हा मी कुणाच्याही मागच्या दारानं गेले नव्हते आणि कुणी मला हाक मारून परत बोलावलं तर फिरणारही नव्हते. आयुष्यात आधी फक्त दहावीचा निकाल लागला त्या दिवशी मी अशी चालले होते.

घरी आल्यावर नवऱ्यानं डोक्याला हात लावला, "आता नोकरी पण जाईल बघ." दादांनी पेपर अजून तसाच धरलेला होता. बराच वेळ झाला तरी पान उलटलं नव्हतं.

सोमवारी फळ्यावर यादी होती. माझ्या नावावर लाल पेनाची रेघ. सरळ रेघ नव्हती, मध्येच थांबून पुन्हा ओढल्यासारखी होती. सुपरवायझर त्या दिवशी माझ्यासमोर आलाच नाही. मी यादीपुढं पोछा मारला, रोजच्याएवढाच, आणि पुढं गेले. मग जिन्याखाली बादल्या ठेवतात तिथं जाऊन पाच मिनिटं रडले. खूप रडले. त्यात लपवण्यासारखं काही नाही.

नोकरी गेली नाही. अंधारात उठून येणाऱ्या बाया ठेकेदाराला काही झाडाला लागलेल्या मिळत नाहीत. पण माझी बदली पुरुषांच्या संडास-मुताऱ्यांकडं झाली आणि आठ महिने मी तिथंच होते. तेही काम केलं, चोख केलं, नाक दाबून का होईना. पुढच्या खेपेला साहेबांकडं कसला तरी कार्यक्रम होता, तेव्हा सुपरवायझर आमच्या खोलीच्या दाराशी आला, उभा राहिला, सगळ्या बाया हातातलं काम थांबवून त्याच्याकडं बघायला लागल्या. तो "काय नाय, काय नाय" म्हणत परत गेला. म्हणे बाहेरून केटरिंगची माणसं बोलावली. त्यानंतर आमच्यातल्या कुणाला बोलावणं आलं नाही. लाईनवर दोन नव्या पोरी लागल्या. वयानं लहान, हातानं माझ्यापेक्षा मंद. पण मी त्यांना दोष देत नाही.

माझं नाव कापलं, त्यानंतरच्याच पौर्णिमेला आम्ही घरचे सगळे विहारात गेलो होतो. वंदना झाली, खीर वाटून झाली. कुणाच्या मुलाला नोकरी लागली, कुणाची मुलगी पास झाली, असं त्या दिवशी उभं राहून सांगायची आमच्याकडं पद्धत आहे. लोक टाळ्या वाजवतात. दादा कधी उठत नाहीत. त्या दिवशी उठले. नेहरूशर्टाच्या बाह्या सारख्या केल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "माझ्या लेकीचं नाव कंपनीनं लाईनच्या यादीतून कापलं."

मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मी त्यांचा शर्ट ओढला, "दादा, बसा खाली! लोक काय म्हणतील? बढती गेली माझी."

"गेली नाय," ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "साहेबाच्या घरी फुकटची भांडी घासायची का लाईन घ्यायची, असं इचारलं तिला. तिनं लाईन सोडली."

कुणी टाळी वाजवली नाही. टाळी वाजवायची की हळहळायचं, हेच लोकांना समजेना. पहिल्या ओळीत आमच्या शेजारची एक म्हातारी बसली होती, कानानं कमी, जन्म सगळा रस्त्याच्या खडीवर गेलेला. तिनं विचारलं, "आरं पर लाईन म्हंजी काय असतंय?"

दादांनी माझ्याकडं पाहिलं. मग तिच्याकडं वळले.

"मला तरी काय ठावं?" ते म्हणाले. "पर पोरीला ती लई पाहिजे व्हती."

ती म्हातारी काठी टेकत उठली, माझ्यापर्यंत आली आणि सगळ्या विहारादेखत माझ्या तोंडावरून दोन्ही हात फिरवून तिनं कानशिलावर बोटं मोडली.